फितऱ्याची यादी आणि आळशी मॅप

आमच्या धावड्यात (ता. भोकरदन) गेल्या रमजानमध्ये फितऱ्याच्या वाटपाची यादी करायचं काम माझ्या भाच्याने अंगावर घेतलं. वहीतली नावं त्याने कॉम्प्युटरवर चढवली: गरजू घरं, आणि प्रत्येक घरातली माणसं. हिशेब पायथॉनमध्ये. घरांवर एक मॅप, त्याच्या आत माणसांवर दुसरा.

आधी त्याने एकूण माणसं मोजली. आकडा बरोबर आला. मग घरवार यादी काढली, तर प्रत्येक घरापुढे शून्य. प्रोग्रामने एररसुद्धा दाखवली नाही.

पायथॉन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं, तेव्हापासून मॅप लगेच काम करत नाही. काय करायचं ते लक्षात ठेवतो आणि कुणी मागितलं की एकेक नग काढून देतो. यालाच लेझी इव्हॅल्युएशन म्हणतात. मोठ्या फाइलींसाठी ते सोयीचं, कारण सगळं एकदम मेमरीत भरावं लागत नाही. पण हा मॅप एकदाच वाचता येतो. भाच्याने बाहेरचा मॅप लिस्टमध्ये घातला होता, म्हणून घरं टिकली. आतले मॅप मात्र आळशीच राहिले आणि पहिल्या मोजणीतच रिकामे झाले. हॅस्केल ही भाषाही आळशीच, पण तिथली लिस्ट पुन्हा वाचता येते.

दुसरा धोका चुकीच्या नोंदीचा. वयाच्या रकान्यात आकड्याऐवजी अक्षरं पडली, तरी मॅप लिहिलेल्या ओळीवर सगळं शांत असतं. एरर येते ती पुढे, नग मागितल्यावर. मग माणूस भलत्याच ओळीत चूक शोधत बसतो.

उपाय सोपा आहे. आतल्या मॅपलाही लिस्टमध्ये घाला, किंवा सरळ लिस्ट कॉम्प्रिहेन्शन लिहा. भाच्याने तेच केलं आणि घरवार बेरीज वहीशी ताडून पाहिली.

फितरा ईदच्या नमाजआधी गरजूच्या हाती पडावा लागतो. नंतर दिला तर तो साधा सदका ठरतो. म्हणजे इथे काम पुढे ढकलायलाही मुदत आहे. ‘यादीत नाव नाही’ हे वाक्य आपल्या लोकांनी रेशनच्या रांगेत पुष्कळ ऐकलंय. ते ऐकून परत जाणारी बाई कॉम्प्युटरशी भांडू शकत नाही. म्हणून यादी करणाऱ्या पोरांना माझं एवढंच सांगणं: एरर आली नाही म्हणजे यादी बरोबर आली असं समजू नका. शून्य दिसलं की वही उघडा.