नदीत उतरलात कुठून?

मासे पकडायला जाणाऱ्या माणसाला घरचे लोक एकच प्रश्न विचारतात, "मिळाला का?" पण इकडे मिसूरीत, ओझार्कच्या डोंगराळ भागात, दोन गळवाले एकमेकांना भेटले की आधी वेगळाच प्रश्न येतो: "उतरलात कुठून?" मासा मिळणं हा पुढचा भाग झाला. त्याआधी नदीपर्यंत पोचायला हवं, आणि तेही कुणाच्या कुंपणावरून उडी न मारता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात खरी अवघड गोष्ट तीच आहे.

मी ज्या नदीवर जातो तिचं नाव मेरामेक. सेंट लुईसहून आय-४४ ने दीडेक तास गेलं की सेंट जेम्स नावाचं छोटं गाव लागतं. तिथून थोडं आत गेलं की मॅरामेक स्प्रिंग. (नदी मेरामेक आणि झरा मॅरामेक. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे.) झरा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे कपारीतून ठिबकणारी बारीक धार येते. हा झरा तसा नाही. जमिनीखालच्या चुनखडीच्या भुयारांतून इथे दिवसाला सुमारे १० कोटी गॅलन, म्हणजे जवळजवळ ३८ कोटी लिटर पाणी वर येतं. उन्हाळा असो की बर्फ पडत असो, पाण्याचं तापमान १४ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं. ऑगस्टमध्ये झऱ्याच्या वरच्या अंगाला नदीचं पाणी कोमट झालेलं असतं. झऱ्याचं पाणी येऊन मिळालं की तीच नदी पायाला झोंबते. ट्राउटला नेमकं असंच पाणी लागतं, म्हणून इथून पुढचे काही मैल ट्राउटचे.

गंमत म्हणजे हा मासा मुळात इथला नाहीच. रेनबो ट्राउट मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडच्या नद्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याला इकडे आणून सोडलं. ब्राऊन ट्राउट तर युरोपातला. दोघेही आमच्यासारखेच बाहेरून आलेले, थंड पाण्याचा एक पट्टा सापडला म्हणून टिकून राहिलेले. असो, उपमा ताणत नाही.

झऱ्याच्या भोवतीच्या बागेत १ मार्चला मोसम सुरू होतो. सकाळी साडेसहाला गळ टाकायची परवानगी मिळते आणि काठावर खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात. एकदा बघायला मजा येते. पण मला आवडतो तो नदीतला भाग, ८ नंबरच्या हायवेच्या पुलापासून स्कॉट्स फोर्डपर्यंतचा. 'फोर्ड' म्हणजे आपला 'उतार', नदी चालत पार करायची जागा. या पट्ट्यात आमिष म्हणून किडा, गांडूळ काही चालत नाही. खोटी माशी किंवा धातूचं वगैरे कृत्रिम आमिषच वापरायचं. पंधरा इंचांहून लहान ट्राउट परत सोडायचा, आणि दिवसाला दोनच घरी न्यायचे. आई फोनवर म्हणते, "अरे, पकडतोस आणि सोडतोस, मग एवढ्या लांब जातोस कशाला?" माशीने मासा पकडायचा आणि परत सोडायचा, हे तिला समजावणं मी सोडून दिलंय.

आता मुद्द्याकडे येतो. या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी नदीच्या दोन्ही काठांना खाजगी शेतं आणि कुरणं आहेत. आणि नुसता काठच खाजगी नाही, पाण्याखालचा तळसुद्धा. म्हणजे कायद्याने बघितलं तर मी ज्या गोट्यांवर उभा असतो ते गोटे कुणाच्या तरी मालकीचे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला पचायला वेळ लागला. आपल्याकडे नदीचं पात्र सरकारचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तसं स्पष्ट लिहिलंय, आणि कुणाच्या सातबाऱ्यावर कृष्णा किंवा कोयना चढलेली आपण ऐकलेली नसते. इथे मात्र माणूस नदी ओलांडून पलीकडपर्यंतचा मालक असू शकतो.

मग मी तिथे उभा राहतो तो कशाच्या जोरावर? १९५४ सालच्या एका निकालाच्या. 'एल्डर विरुद्ध डेलकूर' हा खटला मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तो नेमका याच मेरामेक नदीबद्दल होता. डेलकूरचं शेत नदीच्या दोन्ही बाजूंना. एल्डर होडीने तिथून गेला, पाण्यात उतरला, चालला आणि मासे पकडले. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: तळ मालकाचा असेल, पण वरून वाहणारं पाणी सार्वजनिक आहे, आणि पाण्याखालचा मार्ग हा लोकांचा रस्ता आहे. त्यातून होडीने जा, चालत जा, मासे धरा, ती घुसखोरी होत नाही. ही मुभा होडी तरंगेल एवढ्या ओढ्यानद्यांना आहे, प्रत्येक ओहोळाला नाही. पण आहे ही मोठी गोष्ट आहे. शेजारच्या कॅन्सस राज्यात अशा सार्वजनिक नद्या फक्त तीन.

पण निकाल नीट वाचला की लक्षात येतं, हा हक्क पाय ओले असेपर्यंतच आहे. पाण्यातून वर, शेताच्या काठावर पाऊल टाकलं की तुम्ही दुसऱ्याच्या जमिनीवर. आणि पाण्यात पोचण्यासाठी आधी कोरड्या जमिनीवरून जावं लागतं, त्याबद्दल हा निकाल काहीच देत नाही. म्हणून सगळा खेळ दोन टोकांचा. वर हायवेच्या पुलाजवळची सार्वजनिक जागा आणि खाली स्कॉट्स फोर्डचा धक्का. एका टोकाला उतरायचं आणि दुसऱ्या टोकाला निघायचं, किंवा आलो तिथूनच परत यायचं. मधे कितीही सुंदर डोह दिसला, आणि शेतातून गाडीपर्यंत पाच मिनिटांची वाट असली, तरी ती वाट आपली नाही.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. गेली दोन वर्षं ती माझ्याबरोबर येते, आणि गळ माझ्यापेक्षा बरा टाकते. यंदापासून तिला वाटतं की मी सतत दहा फुटांवर उभा असू नये. ते बरोबरच आहे. पण मग तिला काय शिकवायचं याची मी मनात यादी केली, तेव्हा लक्षात आलं की माशांबद्दलचं सगळं तिला येतंय. राहिलं होतं ते पावलांबद्दलचं. पुरात आडवं पडलेलं झाड पाण्यात आडवं आलं तर त्याला वळसा घालायला जेवढं बाहेर यावं लागेल तेवढंच यायचं, आणि लगेच पाण्यात परत. झाडाच्या खोडाला जांभळा रंग फासलेला दिसला की ती 'आत येऊ नका'ची पाटीच समजायची. डबा खायला गोट्यांच्या पट्टीवर बसायचं असेल तर पाण्याला लागून बसायचं. कुणी काठावरून ओरडलं तर कायदा सांगत बसायचं नाही. हात दाखवायचा, "सॉरी सर" म्हणायचं, आणि प्रवाहाबरोबर खाली चालू लागायचं.

"पण आपण बरोबर असलो तरी?" तिने विचारलं.

बरोबर असलो तरी.

हे मी उगाच म्हणत नाही. २०१३ च्या जुलैमध्ये याच नदीवर, स्टीलव्हिलजवळ, होड्यांनी जाणारी काही मंडळी गोट्यांच्या एका पट्टीवर थांबली. जागेचा मालक पिस्तूल घेऊन आला. जागा कुणाची यावरून बाचाबाची झाली आणि त्यात एक माणूस गोळी लागून मेला. २०१४ मध्ये ज्युरीने मालकाला खुनाबद्दल दोषी ठरवलं. नदीने आणून टाकलेल्या थोड्याशा खडीपायी एक माणूस जिवानिशी गेला आणि दुसरा तुरुंगात. १९५४ चा निकाल तेव्हाही होताच की. त्या मिनिटाला तो कुणाच्या उपयोगी पडला?

त्यात आमचा रंग आणि आमचे उच्चार. आजवर मला कुणी वाईट वागवलेलं नाही, हे आधी सांगतो. पण गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यावर गाडी लावून छातीपर्यंतची रबरी विजार चढवताना मागून पिकअप ट्रक हळू झाला की मान आपोआप वळते. मुलगी बरोबर असली की जरा लवकर वळते.

दुसरी बाजूही आहे, आणि ती मला काठावरच कळली. एकदा एक म्हातारे शेतकरी कुंपण दुरुस्त करत होते. आम्ही पाण्यात, ते वर. मी हात केला. काय लागतंय, विचारलं त्यांनी. बोलता बोलता सांगायला लागले: शनिवारी लोक फाटकासमोरच गाडी लावून जातात, मग ट्रॅक्टर बाहेर काढता येत नाही. बिअरचे डबे गवतात पडतात, आणि गवत कापणाऱ्या यंत्रात त्यांचे तुकडे होऊन गुरांच्या चाऱ्यात जातात. कुणी कुंपणाची तार वाकवून जातं, आणि रात्री वासरं रस्त्यावर. "पाणी तुमचं आहे, मान्य," ते म्हणाले, "पण कचरा माझ्या वाट्याला येतो." याला काय उत्तर देणार? मग मुलीकडे बघून म्हणाले, "त्या पांढऱ्या सिकामोरच्या मुळांपाशी टाक, सावलीत." तिने टाकला. मासा मिळाला नाही, पण ती अजून त्या झाडाला 'आजोबांचं झाड' म्हणते.

नदी उघडी राहिली ती नुसत्या एका निकालामुळे नाही, हे मला हळूहळू कळत गेलं. झऱ्याच्या जागी १८२६ पासून पन्नासेक वर्षं लोखंडाचा कारखाना चालला. त्याच्या भट्टीचे अवशेष अजून उभे आहेत. तो काढणाऱ्या थॉमस जेम्सच्या पणतीने, लूसी वर्थम जेम्सने, ही जागा सांभाळून ठेवली. १९३८ मध्ये ती गेली. तिच्या नावाने चालणाऱ्या संस्थेची ही बाग आजही खाजगीच आहे, पण सगळ्यांना खुली. सार्वजनिक धक्के राज्याच्या कॉन्झर्वेशन खात्यामुळे. त्या खात्यासाठी १९७६ मध्ये इथल्या मतदारांनी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला, एक टक्क्याचा आठवा भाग. म्हणजे आठ डॉलरच्या खरेदीवर एक सेंट. वाणसामान घेताना मीही तो देतो, गळ कधी हातात न धरलेली माझी बायकोही देते. आणि खालच्या अंगाला सलिव्हनजवळ या नदीवर मोठं धरण व्हायचं होतं. १९७८ च्या ऑगस्टमध्ये लोकांचं मत घेतलं, तर जवळपास ६४ टक्के लोक 'नको' म्हणाले. १९८१ मध्ये धरणाची मंजुरीच काढून घेतली गेली. म्हणून मेरामेक अजून वाहती आहे.

वाहती आहे म्हणजे हलतीही आहे. २०१५ च्या डिसेंबरात आणि २०१७ च्या वसंतात मोठे पूर आले. असा पूर ओसरला की डोह बुजलेले असतात आणि गोट्यांच्या पट्ट्या अलीकडच्या पलीकडे गेलेल्या असतात. कागदावरची हद्द तिथेच, नदी दुसरीकडे. म्हणून निघण्याआधी मी पाण्याच्या पातळीचा सरकारी आकडा बघतो, पण खरं काय ते काठावर जाऊनच कळतं. धक्क्यावर चिखल किती, पाणी हिरवं की गढूळ, मागच्या वेळी जिथे गुडघाभर होतं तिथे आता कमरेइतकं आहे का. हक्क असला तरी दरवेळी नदीचा अंदाज नव्याने घ्यावा लागतो.

काका-मावश्यांपैकी कुणी उन्हाळ्यात इकडे येणार असाल तर जरूर या, नदीवर नेतो. तीन गोष्टी आणा. एक, ओले झाले तरी चालतील असे बूट, पण तळाला नमदा लावलेले नकोत. ओलसर नमद्यातून एका नदीचं शेवाळ दुसरीत जातं, म्हणून २०१२ पासून इथल्या ट्राउटच्या पाण्यात ते चालत नाहीत. दोन, एक रिकामी पिशवी, दुसऱ्यांचे डबे गोळा करायला. आम्ही प्रत्येक फेरीत एक भरतो. आणि तीन, वेळ. गाडी फाटकापासून लांब लावायची आणि तिथून चालत जायचं, एवढा वेळ हाताशी ठेवा. मासा मिळेल याची खात्री देत नाही.