कोणतें पडेगांव?

आडनांवाच्या शेवटीं 'कर' असला, म्हणजे त्या माणसाचें गांव कळलें, अशी आपली समजूत असते. माझें माहेर पडेगांवकरांचें. पण पडेगांव एकच थोडें आहे! एक छत्रपती संभाजीनगरच्या छावणीपलीकडे दौलताबादच्या रस्त्यावर, आतां शहराच्या पोटांत आलेलें. दुसरें सातारा जिल्ह्यांत नीरेच्या बाजूस, जेथें १९३२ सालीं उंसाचें संशोधन केंद्र निघालें तें.

गेल्या वर्षीं धाकट्या भावाच्या मुलाची मुंज निघाली. त्यापूर्वीं मूळ गांवच्या ग्रामदेवतेपुढें नारळ ठेवावा असें ठरलें आणि दोघां भावांत वाद सुरू झाला. थोरला म्हणे नीरेकडचें, धाकटा म्हणे मराठवाड्यांतलें. दोघांपाशीं पुरावा एकच, तो म्हणजे आडनांव!

हा 'कर' मोठा चमत्कारिक आहे. गांवांत राहणाऱ्यास त्याचा उपयोग नसतो. तेथें तो जोशी, कुलकर्णी किंवा देशपांडे असतो. गांव सोडून परक्या ठिकाणीं गेला, कीं लोक त्याला अमक्या गांवचा म्हणून ओळखूं लागतात. म्हणजे ही खूण राहण्याची नव्हे, निघून आल्याची. दीनानाथांनीं मंगेशीवरून मंगेशकर हें नांव घेतलें. मंगेशी गोव्यांतच राहिली, नांव मात्र महाराष्ट्रभर गाजलें. इंग्लंडांतही हेंच दिसतें. डरहॅम परगण्यांतील वॉशिंग्टन या गांवावरून एका घराण्यास नांव पडलें, आणि त्याच घराण्यांतील जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ सालीं अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले.

शिवाय एकाच गांवाहून निघालेले ब्राह्मण, मराठे, सुतार असे सारेच त्या गांवचे 'कर' होऊं शकतात. म्हणून आडनांव एक म्हणजे कूळ एक, असें होत नाहीं. तेथें गोत्र, कुलदैवत आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याच उपयोगीं पडतात.

आमच्या घरचा वाद मात्र वहीनें मिटला नाहीं. आमच्या आत्याबाई नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांना विचारण्याचें कोणासच सुचलें नव्हतें. त्या शांतपणें म्हणाल्या, "अरे, आमची आजी सांगे, गांव सोडलें तेव्हां मागें वळून पाहिलें तर देवगिरीचा किल्ला दिसत होता. नीरेकांठीं कुठला रे देवगिरी?" दोघेही भाऊ गप्प झाले.

मला राहून राहून नवल वाटतें तें याचें, कीं ज्यांनीं तें आडनांव जन्मभर मिरविलें त्यांना गांव ठाऊक नव्हतें. आणि जिनें तें सत्तर वर्षांपूर्वीं लग्नाच्या मांडवांत सोडलें, तिनें गांव सांभाळून ठेवलें होतें. वंशावळींत आत्याबाईंचें नांवसुद्धां नाहीं; तींत केवळ पुरुषांच्या पिढ्या आहेत.

वाचक भगिनी-बंधूंनो, आपल्या घरच्या वहींत मूळ गांव लिहाल तेव्हां त्याचा तालुका, जवळची नदी किंवा डोंगरही लिहा. आणि लिहावयास बसण्यापूर्वीं घरांतील आत्या, मावशी, आजी यांना विचारा. वही नंतर केव्हांही आणतां येईल. त्यांना विचारण्यास उशीर करूं नका.