सत्कारानंतरचे दिवस

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या सभागृहात तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या लागतात, त्रिसरण-पंचशील होते आणि गुणवंतांच्या हाती पुष्पगुच्छ व संविधानाची प्रत दिली जाते. कासा, सायवन, धुंदलवाडी, उधवा अशा गावांहून आलेले पालक मागच्या रांगेत संकोचून बसलेले असतात. त्या मंचावर आम्ही वर्षानुवर्षे उभे राहिलो आहोत. या स्मरणिकेतही त्या समारंभांची छायाचित्रे असतीलच. मात्र छायाचित्रातील ही मुले जुलै-ऑगस्टमध्ये कोठे असतात, हा प्रश्न आम्ही स्वतःला फार उशिरा विचारला.

तो विचारावा लागला एका मुलामुळे. त्याचे नाव येथे लिहीत नाही. गणितात तो अव्वल होता. त्याच्या वडिलांना आम्हीच सांगितले होते, "भाऊ, पोराला सायन्सलाच घाला." ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही म्हणाल तसं." पुढच्या वर्षी मे महिन्यात तो मुलगा आम्हाला कासा नाक्यावर भेटला. अकरावी दिवाळीलाच सुटली होती आणि तो गुजरातच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊन आला होता. दोरांनी हात सोलवटलेले. आम्ही कारण विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, वर्गात ॲक्सिलरेशन, ॲक्सिलरेशन चालायचं. मला त्वरण येत होतं. दोन्ही एकच, हे कळेपर्यंत सहामाही झाली."

"मग विचारलं का नाहीस?"

"आपल्या शाळेत विचारल्याशिवाय बोलायचं नसतं ना, सर."

त्या उत्तरानंतर आम्ही कितीतरी दिवस अस्वस्थ होतो. निवासी शाळेचा दिवस घंटेवर चालतो. पहाटे उठण्याची घंटा, वंदना, न्याहारी, परिपाठ, अभ्यासिका, दिवे मालवणे. पाचवीत आलेल्या, आईची आठवण काढून रडणाऱ्या लेकराला या घंटेचा आधार असतो, हे आम्ही पाहिले आहे. तिच्याविरुद्ध आमची तक्रार नाही. परंतु सहा वर्षे आम्ही ज्याला शिस्त म्हणालो, त्यात शांत बसणे पुष्कळ होते आणि शंका विचारणे थोडे. अकरावीत घंटा नसते. वर्गात शंभराच्या आसपास मुले असतात, प्राध्यापकांना नाव ठाऊक नसते, टिपणे आपली आपण काढायची असतात, प्रयोगवही वेळेवर दाखवायची असते, आणि कोणी वर्गाबाहेर राहिला तर शोधायला कोणी येत नाही. तेथे अपेक्षित असलेला विद्यार्थी आम्ही घडवलाच नव्हता. आम्ही घडवला होता तो दहावीला उत्तीर्ण होणारा विद्यार्थी. भिंतीवर मात्र आम्ही 'स्वयंप्रकाशित व्हा' असे ठळक अक्षरांत रंगवून घेतले होते.

इतिहास हा आमचा विषय. म्हणून या प्रसंगानंतर बाबासाहेबांच्या चरित्रातील 1907 ते 1912 हा कालखंड आम्ही पुन्हा वाचला. 1907 मध्ये ते मॅट्रिक झाले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा झाली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ही सभा आपण सर्वजण जाणतो. दर जयंतीला ती सांगतो. पण केळुसकर गुरुजी ग्रंथ देऊन घरी गेले नाहीत. इंटरनंतर पुढील शिक्षण अडले, तेव्हा तेच त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक म्युलर यांनी त्यांना पुस्तके आणि कपडेही दिले. त्याआधी, शाळेच्या दिवसांत, परळच्या चाळीतील एका खोलीत रामजीबाबा मुलाला अभ्यासासाठी रात्री दोनला उठवत. बी. ए. झाले ते 1912 मध्ये. मॅट्रिक आणि बी. ए. यांच्या मधल्या या पाच वर्षांवर आपल्याकडे भाषणे होत नाहीत. बाबासाहेबांसारख्या प्रज्ञावंतालाही त्या वर्षांत कोणीतरी हात धरून न्यावे लागले असेल, तर उधव्याच्या एखाद्या पाड्यावरच्या मुलीकडून तिने सारे एकटीने निभावावे, अशी अपेक्षा आम्ही कशाच्या बळावर केली?

काळजी घेणे आम्हाला येत नव्हते असे नाही. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा त्या हिवाळ्यात इमारती सोडून मुलांसोबत उघड्यावर रात्री काढणारे शिक्षक या दोन्ही तालुक्यांत होते. संकट डोळ्यांना दिसत होते, एवढाच फरक.

अकरावीचे संकट कागदात दडलेले असते. 2025-26 पासून अकरावीचा प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाला. अर्जाचे दोन भाग, 100 रुपये शुल्क, दहापर्यंत पसंतीक्रम, आणि ओटीपी येणार तो मोबाइल बापाबरोबर वापी-भिलाडच्या कारखान्यात. फेऱ्या ऑगस्टपर्यंत लांबतात. आणि ऑगस्टमध्येच बोटींचा हंगाम उघडतो! तांडेल घरी येऊन उचल देऊन जातो. महाविद्यालयाची यादी उद्या लागणार असते आणि पैसे आज समोर असतात. अशा वेळी त्या मुलाला शिक्षणाचे महत्त्व सांगायला जाणारा आमच्यासारखा शिक्षक स्वतःलाच थोडा हास्यास्पद वाटू लागतो. त्याला हवा असतो वसतिगृहाचा अर्ज भरून देणारा, डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात त्याच्यासोबत रांगेत उभा राहणारा माणूस. बौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना अकरावीपासून मिळते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. हे सारे आहे, आणि ज्याच्यासाठी आहे त्यालाच ते माहीत नसते.

जात वैधता प्रमाणपत्राची कथा तर वेगळीच. विज्ञान शाखेच्या मुलाला बारावीनंतरच्या व्यावसायिक प्रवेशासाठी ते लागते आणि धावाधाव अकरावीतच सुरू करावी लागते. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा आणि अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा भक्कम मानला जातो. आता पाहा, 1945 च्या वारल्यांच्या उठावापर्यंत याच भागात जमीनदार वेठ घेत होते. गोदावरी परुळेकरांनी ते सारे लिहून ठेवले आहे. ज्याच्या पणजोबाला तेव्हा मालकाच्या खळ्यावर राबवले, त्याच्याकडे आज त्याच पणजोबाचा शाळेचा दाखला मागायचा! तहसील कार्यालयातील जुनी कोतवाल बुके चाळून जन्ममृत्यूची नोंद शोधताना, इतिहासाची पदवी अखेर उपयोगी पडली, असे आम्ही सहकाऱ्यांना थट्टेने म्हणतो. नोंद सापडते त्या दिवशी मात्र थट्टा सुचत नाही.

त्या मुलाच्या भेटीनंतर आम्ही एक वही घातली. दहावी झालेल्या प्रत्येकाचे नाव, शाखा, महाविद्यालय, राहण्याची सोय, अडचण. परीक्षा संपल्यावर महिनाभर शास्त्र आणि गणितातील संज्ञा मराठी-इंग्रजी शेजारी शेजारी मांडून शिकवतो. परिपाठात रोज एका मुलाने शिक्षकाला प्रश्न विचारायचा, असा नियम केला; पहिल्या आठवड्यात कोणीच तोंड उघडले नाही आणि काही शिक्षकांनाही ते रुचले नाही. गणपतीच्या सुट्टीत अकरावीची मुले शाळेत येऊन राहतात. डहाणू-तलासरीतील महाविद्यालयांत शिकलेले, आता नोकरीत असलेले माजी विद्यार्थी त्या दिवसांत रात्री त्यांच्याबरोबर बसतात. सगळे टिकतात असे नाही. दोन मुली गेल्या वर्षी विज्ञान सोडून कलाशाखेत गेल्या. आम्ही सहजच 'अपयश' असे लिहिले, तेव्हा त्यातील एकीने वही ओढून घेतली, तो शब्द खोडला आणि स्वतःच्या हाताने 'इतिहास' असे लिहिले.

त्या मुलाचेही नाव वहीत आहे. बारावीचा सतरा नंबरचा खासगी अर्ज आम्ही त्याच्यासाठी आणून ठेवला होता. त्याचा निरोप आला आहे, बोट मे महिन्यात किनाऱ्याला लागेल. तोवर त्याच्या नावापुढचा रकाना रिकामा ठेवला आहे.