भिंतीवरील अक्षरें

मनुष्याचें वय झालें म्हणजे नव्या गोष्टींत त्याला दोषच अधिक दिसूं लागतात. तेव्हां पुढें मी जें लिहिणार आहें, तें वाचकांनीं थोडें सांभाळूनच घ्यावें.

आमच्या मंदिरांतील उपासना गेल्या दहाबारा वर्षांत पार बदलली. वेदीच्या उजव्या बाजूस जेथें जुनी पेटी असे, तेथें आतां ढोलांचा संच, दोन गिटारी आणि कीबोर्ड आहे. मागच्या भिंतीवर प्रकाशाचीं अक्षरें उमटतात आणि मंडळी तीं पाहून गाते. गीतांचें पुस्तक क्वचितच कोणाच्या हातीं दिसतें. तरुण मुलें हात उंचावून एकच ओळ सातआठ वेळां आळवतात. आणि मी शेवटच्या बांकावर बसून मनाशीं म्हणतों, ह्यांत भक्ति किती आणि गोंगाट किती?

ही तक्रार मीं पुष्कळांजवळ बोलून दाखविली आहे, आणि प्रत्येक वेळीं दाखला दिला आहे तो माझ्या आईचा. अहमदनगर जिल्ह्यांतील – 2024 पासून त्यास अहिल्यानगर म्हणतात – एका खेड्यांत तिचा जन्म गेला. तिला लिहितांवाचतां येत नव्हतें. परंतु रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं कितीतरी पदें मुखोद्गत होतीं. जात्यावर तींच, आणि 1972 च्या दुष्काळांत खडी फोडतांनाही तींच. कोणी ऐकावें म्हणून ती गात नसे. हाताचें काम आणि तोंडचें पद ह्यांची सांगडच बसून गेली होती.

ह्या दाखल्याचा उत्तरार्ध मात्र मीं आजवर कोणास सांगितला नाहीं. आई शेवटल्या दुखण्यांत असतां एका रात्रीं तिनें मला जवळ बोलाविलें व म्हणाली, “बाळा, एखादं पद म्हण की रे.” तीस वर्षें मंडळीचें गायन चालविणारा मी! पहिलें कडवें म्हटलें. दुसरें कांहीं केल्या आठवेना. मी उठलों, कपाटांत पुस्तक धुंडाळूं लागलों. तेवढ्यांत मागून क्षीण आवाज आला. तिनें स्वतःच दुसरें कडवें धरलें होतें. मी हातांत न उघडलेलें पुस्तक घेऊन उभा राहिलों, आणि तिनें तें पद एकटीनेंच शेवटास नेलें.

भिंतीनें ह्या मुलांचें जें केलें, असें मी म्हणतों, तें पुस्तकानें माझें तीस वर्षांपूर्वींच केलें होतें. समोर अक्षरें आहेत, मग अंतःकरणांत कशाला सांठवा?

आणि ज्या पदांस मी जुनीं म्हणून कवटाळतों, तीं तरी जुनीं कोठें होतीं? टिळकांनीं 1895 सालीं बाप्तिस्मा घेतला. त्या काळीं मराठी मंदिरांतून परदेशी चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें पुष्कळ गाइलीं जात. त्या चालींस सरावलेल्या कानांना टिळकांचा अभंग आणि भजन हा नवाच प्रकार होता. पुढें 1917 सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला, आणि 1919 सालीं ते वारले. नवेपणा हाच जर दोष मानला, तर माझ्या आईच्या ओठांवर तीं पदें आलींच नसतीं. पुनरुक्तीलाही मी हंसूं नये. नामस्मरणाच्या भूमींत वाढलेल्या माणसानें तर मुळींच नये.

ही शंका फार पुरातन आहे. संत ऑगस्टीन ह्यानें चौथ्या शतकाच्या अखेरीस आपल्या ‘कबुलीजबाब’ ह्या ग्रंथांत स्वतःवरच ठपका ठेवला आहे कीं, गीतांतील अर्थापेक्षां सूरच आपणांस अधिक हलवितो. तरी त्यानें गायन त्याज्य ठरविलें नाहीं. कारण मन दुबळें असेल तर सूरही त्यास वर उचलतो. प्रभु येशूनें सांगितलें, प्रार्थना करावयाची तर खोलींत जाऊन दार लावून घ्यावें. पण त्यानेंच जी प्रार्थना शिकविली, तींत ‘माझा’ बाप नाहीं, ‘आमचा’ बाप आहे. दार लावून एकटा बसलेला मनुष्यही तेथें समुदायासह बोलतो. म्हणून मंदिर आणि मन ह्यांपैकीं एकासच खरें म्हणतां येत नाहीं.

मग माझें म्हणणें उरतें तें एवढेंच: उपासनेंत आज सर्व कांहीं आयतें पुरविलें जातें. शब्द भिंतीवर, ठेका ढोलावर, भावना गायकाच्या आवाजांत. मध्यें क्षणभर शांतता पडली, तर कांहीं बिघडलें असें वाटून कोणीतरी तार छेडतो. अशा तासाभरांत मनुष्यास स्वतःचा एक शब्द देवापुढें ठेवण्यास जागा कोठें? गीत मंदिरांतच राहतें. तें खडी फोडावयास बरोबर येत नाहीं. ही खरी उणीव, आणि ती ढोलानें आली असें नव्हे. पेटीच्या दिवसांतही ती माझ्या ठिकाणीं होतीच.

गेल्या वर्षापासून मी रोज पहांटे एक कडवें पाठ करतों. वयामुळें तें टिकत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हा आरंभ. रविवारीं भिंतीवर अक्षरें उमटलीं, कीं मी डोळे मिटून घेतों. शेजारच्या मुलांना वाटत असेल, म्हातारा आतां रंगला! खरें तर मी परीक्षेस बसलेला असतों, आणि दुसऱ्या कडव्यापाशीं अजूनही अडखळतों.