उन्हातला बाक

गेल्या वर्षी माघातल्या एका सकाळी आजोबा अंगणात पडले. खुर्चीचा मागचा पाय मोडला. आवाज काही फार मोठा नव्हता, पापड मोडावा एवढाच. मनगटाला प्लॅस्टर पडले. पण त्याहून वाईट म्हणजे आजोबांनी अंगणात बसणेच सोडले. बेळगावच्या थंडीत सकाळचे ऊन सोडून ते आतल्या अंधाऱ्या खोलीत रेडिओ लावून बसू लागले.

ती खुर्ची मीच पसंत केली होती. स्वस्त, हलकी, पांढरीशुभ्र! तीन उन्हाळे ती बाहेरच होती. हात फिरवला की बोटांना पांढरी पूड लागे, ती मी धूळ समजून झटकत असे. रसायनशास्त्र घेऊन शिकणाऱ्याला हे शोभत नाही. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्या तोडत असतात. पूड म्हणजे तुटलेल्या साखळ्यांचा पृष्ठभाग. प्लॅस्टिक दिसायला तसेच राहते, पण लवचिकपणा जाऊन ठिसूळ होते. कारखान्यात किरणरोधक द्रव्य मिसळले तर हे लांबते, थांबत नाही.

मग घरात खल सुरू झाला. बाबा उद्यमबागेत कामाला, त्यांना लोखंडच सुचणार. पण तापलेले लोखंड हाताला चटका देते आणि आमच्याकडच्या पावसात दरवर्षी रंग मागते. काकांनी शहाबादी फरशीचा कट्टा सुचवला. तो टिकेल पिढ्यान्‌पिढ्या, पण रात्रभर गारठलेल्या दगडावर सकाळी आठ वाजता म्हाताऱ्या हाडांनी बसायचे कसे?

राहिले सागवान. नव्या सागवानाचा भाव ऐकून बाबा गप्प झाले. तेव्हा आजीच म्हणाली, "माळ्यावरची चौकट काढा."

खानापूरकडचे आमचे जुने घर पाडले तेव्हा दाराची चौकट तेवढी आणली होती. तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आजोबा रागावले, "उंबरा आहे तो!" आजी शांतपणे म्हणाली, "माप ओलांडून मीच आले ना त्यावरून? मग मी सांगते, कापा."

सुतार कन्नड बोलणारा, आजी मराठी. दोघांचे छान जमले. उंबऱ्यात करवत घालताना तो दोनदा थांबला, पाते बोथट झाले म्हणून. सागवानात वाळूतली सिलिका असते, हे मी पुस्तकात वाचले होते. त्याला ते मनगटाने ठाऊक होते. कडेची पांढुरकी फळी त्याने बाजूला टाकली. वाळवीला न रुचणारी द्रव्ये गाभ्यातच असतात. "अज्जा, बिसलानं काय होत नाही. नीर आत बसलं की लाकूड गेलं," तो म्हणाला. म्हणून फळ्यांत बोटभर फट, बैठकीला किंचित उतार, पितळी स्क्रू आणि पायांखाली दगडाचे तुकडे. कारण लाकूड पाणी पिते ते सर्वांत जास्त कापलेल्या टोकांतून.

व्हार्निश लावायचे की नाही यावर मात्र मी हट्ट धरला. पारदर्शक थरातून किरण आत जातात, खालचे लाकूड झिजते आणि वरचा पापुद्रा सुटतो. त्यापेक्षा लाकूड उघडेच बरे. लिग्निन उन्हाने विघटते, पावसाने धुऊन जाते, वर राखाडी थर राहतो. पण तो अगदी वरवरचा. आत सागवान जसेच्या तसे.

बाक तयार झाला तरी आजोबा चार दिवस फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी आजीच शेंगा निवडायला तिथे जाऊन बसली. थोड्या वेळाने आजोबा आले, डाव्या हाताने बाक हलवून पाहिला, मग पुन्हा एकदा हलवून पाहिला, आणि बसले.

एक पावसाळा झाला. बाक आता राखी दिसतो आहे. बाबा अजून पॉलिशचे बोलतात. आजोबा ऐकू न आल्यासारखे करतात. उंबऱ्याची फळी त्यांच्या बाजूला आहे, बिजागरीची जुनी खाच तिथे तशीच ठेवली आहे. चष्म्याचे घर त्या खाचेत बरोबर बसते.