यादीतले चार



फेब्रुवारीत आम्ही दोघं मुलाकडे मेलबर्नला चाललो आहोत. कर्जतहून निघायला अजून दीड महिना आहे, पण माझी बॅग आत्ताच पलंगाखालून बाहेर आली आहे. मुलाच्या लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून आम्ही त्यांना थोडे पैसे दिले आणि सांगितलं, सगळे मिळून कुठेतरी फिरून येऊ, ठिकाण तुम्ही ठरवा.

त्यांनी ठरवलं यारा व्हॅली. मेलबर्नपासून गाडीने तासाभरावर, द्राक्षमळ्यांचा भाग. व्हिक्टोरियातला पहिला द्राक्षमळा तिथेच, येरिंगला, 1838 साली लागला. सूनबाईंनी दिवसाचा तक्ताच करून पाठवला. जागा आधी राखून ठेवायची, एका दिवसात तीनपेक्षा जास्त वायनरी घ्यायच्या नाहीत, मध्ये जेवण आणि शेवटी चीजचं दुकान. प्रत्येक ठिकाणी चार-पाच वाइन घोट-घोट देतात, नको असेल तर थुंकायला भांडंही ठेवलेलं असतं म्हणे. जाणारे सहा जण होते : आम्ही दोघं, ती दोघं, तिची मैत्रीण आणि मैत्रिणीचा नवरा. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘टेस्टिंग – 4’.

बी.कॉम.ला मला फार मार्क नव्हते, पण सहातून दोन वजा करता येतात. राहिलेल्या चारांत माझा मुलगा होता.

सूनबाई आपल्या समाजातली नाही, तिच्या घरच्या रीती वेगळ्या. तिच्याबद्दल मी बोलणार नाही. पण हा पाठशाळेत आठ मूलगुण घडाघड म्हणायचा. मद्य, मांस, मधु आणि पाच उदुंबर फळांचा त्याग. रात्री फोन केला. तो लपवाछपवी न करता म्हणाला, “कधीतरी घेतो, आई. ऑफिसातल्या लोकांबरोबर.” मग वर म्हणाला, इडलीचं पीठ तरी रात्रभर आंबवतातच ना? खरं आहे, पुष्कळ घरांत आंबवतात. मी रव्याची ताजी करते, पण त्यावरून मोठेपणा नको. मी एवढंच म्हटलं की इडली खाऊन कुणी गाडी ठोकत नाही. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हाच क्रम लावला आहे : मद्य मनाला भुलवतं, भुललेला धर्म विसरतो, आणि धर्म विसरला की हिंसेची शंकाच राहत नाही. त्यात उपजणारे जीव, गाळताना काही ठिकाणी वापरतात तो अंड्याचा पांढरा बलक किंवा माशाचा पदार्थ, हे सगळं वेगळंच.

फोन ठेवल्यावर मात्र झोप येईना. कृत, कारित, अनुमोदित. मी पिणार नाही, म्हणजे कृत सुटलं. पण पैसे माझे, म्हणजे कारित? आणि तिथे हसत बसले तर अनुमोदना?

हा प्रश्न माझ्या माहेरी पूर्वीच येऊन गेला आहे. आम्ही तासगावकडचे, सोनाका आणि तास-ए-गणेशचे मळेवाले. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. नाशिककडे विंचूरला आणि आमच्याकडे पलूसला वाइन पार्क निघाले. लहान मण्याची, जाड सालीची, बियांची कॅबर्ने-शिराझ लावा, माल आधीच ठरलेला, अशी बोलणी गावात सुरू झाली. दादाचं मन झालं होतं. बेदाण्याचा धंदा म्हणजे चार किलो द्राक्षांतून एक किलो माल, आणि रॅकवर सुकत असताना पाऊस आला की तोही काळा. वाइनला बाटलीमागे किलो-सव्वा किलो द्राक्ष पुरतं. हिशेब दादाच्या बाजूचा होता. वडील म्हणाले, “काळा बेदाणा विकू.” त्यानंतर दोन वर्षं खरंच तोटा झाला. त्या पैशांत माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न लांबलं, तेव्हा वडिलांचा मला रागही आला होता, हे आज कबूल करते.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला लिहिलं : आमचे पैसे राहण्याला आणि जेवणाला लाव, टेस्टिंगची फी तुम्ही आपापली भरा. आम्ही येणार. मळा बघू, आत बसणार नाही, बाहेर सावलीत थांबू. हे म्हणाले, “एवढा काटेकोर हिशेब?” मी म्हटलं, खातं वेगळं ठेवायचं तर नीट ठेवावं. यानेही अनुमोदनेचा प्रश्न पुरता सुटला असं मला वाटत नाही. महाराज विहार करत इकडे आले की विचारणार आहे.

चार दिवसांनी सुधारलेला तक्ता आला. ‘टेस्टिंग – 3. गाडी – मी.’ तिथे रक्तात 0.05 च्या वर आलं की लायसन्स धोक्यात, म्हणून कुणीतरी कोरडं राहावंच लागतं. मुलगा म्हणाला, “तुमच्यासमोर जमणार नाही मला.” समोर जमणार नाही म्हणजे सोडली असं नव्हे, एवढं मला कळतं. त्यावर मी काही बोलले नाही.

जेवणाची काळजी मिटली आहे. तिथे फेब्रुवारीत सूर्य आठनंतर मावळतो, त्यामुळे सूर्यास्ताआधी घरी पोचून जेवण होईल. दुपारसाठी त्याच्याच स्वयंपाकघरात ज्वारीच्या दशम्या आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी करून नेईन. मळ्यात द्राक्षं पिकत आलेली असतील. मालकाने परवानगी दिली तर शिराझचा एक मणी तोडून खाणार आहे. दादाने सांगून ठेवलंय, आत बिया किती निघतात ते मोजून कळव.