'इन्स्टॉल केलं' म्हणजे नक्की कुठे ठेवलं?

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, घरातल्या मुलांना एक साधा प्रश्न विचारून बघा. "ॲप इन्स्टॉल केलंस, ते गेलं कुठे?" बहुतेक जण म्हणतील, "मोबाइलमध्ये." त्याच्या पुढे उत्तर जात नाही. बटण दाबलं की झालं, जागेचा विचार करायची वेळच येत नाही. पण हीच मुलं अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घेऊन सी प्लस प्लसमध्ये स्वतः प्रोग्राम लिहायला लागतात, तेव्हा हा प्रश्न समोर येऊन उभा राहतो.

मी कुपवाडमध्ये हा विषय शिकवतो. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील एमआयडीसीत कामाला आहेत. अनेकांच्या घरी संगणक नाही, लॅबमधला संगणक हाच त्यांचा संगणक. एका मुलीनं इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ विचारणारा छोटा प्रोग्राम केला. शब्दांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली. तिच्या लॉगिनवर प्रोग्राम छान चालायचा. मैत्रिणीच्या लॉगिनवर मात्र "फाइल सापडली नाही" एवढंच दिसायचं. कारण प्रोग्रामच्या आतच तिच्या स्वतःच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला होता.

हे समजावताना मी आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण देतो. १९४९ साली आपला जिल्हा झाला तेव्हा त्याचं नाव होतं दक्षिण सातारा. १९६० मध्ये तो सांगली झाला. पुढे १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. घर जागचं हललं नाही, पण पत्ता बदलत गेला. पत्ता पाकिटावर असेल तर नवीन पाकीट घेता येतं. तोच पत्ता कुणी घराच्या पायात कोरून ठेवला तर काय करणार? प्रोग्रामच्या आत लिहिलेला पत्ता म्हणजे असा कोरलेला पत्ता.

मग पत्ता लिहायचा कुठे? त्यासाठी बांधणीची साधनं असतात. त्यातलं सीमेक आम्ही वापरतो, ते मोफत आहे. त्यात काम तीन टप्प्यांत होतं. पहिल्यात मांडणी ठरते, दुसऱ्यात प्रोग्राम बांधला जातो, तिसऱ्यात तयार फाइली आपापल्या जागी ठेवल्या जातात. ही शेवटची पायरी म्हणजे इन्स्टॉल.

इथे जागेचे दोन भाग पडतात. पहिला भाग म्हणजे मूळ जागा. तिला प्रीफिक्स म्हणतात. दुसरा भाग म्हणजे तिच्या आतले कप्पे. चालणारा प्रोग्राम 'बिन' मध्ये, लायब्ररी 'लिब' मध्ये आणि शब्दांच्या यादीसारखी माहिती 'शेअर' मध्ये. कप्पे कोणते, हे प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. मूळ जागा कोणती, हे इन्स्टॉल करणारा ठरवतो. सगळी गोम या वाटणीत आहे.

मुलांना एक बारीक गोष्ट आवर्जून दाखवा. कप्प्याचं नाव लिहिताना सुरुवातीला तिरपी रेघ द्यायची नाही. नुसतं 'बिन' लिहिलं की ते मूळ जागेला जोडलं जातं. आधी तिरपी रेघ आली, की सीमेक त्याला पूर्ण पत्ता समजतं आणि मूळ जागेकडे बघतच नाही. एका रेघेनं निवड हातातून जाते.

आपण काहीच सांगितलं नाही, तर लिनक्सवर सीमेक 'यूएसआर' मधलं 'लोकल' हे फोल्डर धरतं. ती जागा सगळ्यांची, म्हणून तिथे लिहायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. तो मुलांकडे नसतो आणि नसावाही. पण मूळ जागा बदलता येते, म्हणून अडत नाही. मांडणीच्या वेळी प्रीफिक्स म्हणून स्वतःच्या होम फोल्डरमधलं 'डॉट लोकल' द्यायचं. पासवर्ड न मागता प्रोग्राम तिथे बसतो. उबंटूवर पुन्हा लॉगिन केलं की 'डॉट लोकल' मधल्या 'बिन' मध्ये ठेवलेला प्रोग्राम नुसत्या नावानं चालतो.

राहिला यादीचा पत्ता. तो मांडणीच्या वेळी सीमेककडूनच प्रोग्रामला कळवायचा, हातानं लिहायचा नाही. मात्र असा पत्ता बांधणीत पक्का होतो. जागा बदलायची ठरली तर मांडणी आणि बांधणी पुन्हा करायची, तयार फाइली नुसत्या उचलून दुसरीकडे ठेवायच्या नाहीत.

वर्गात एक प्रयोग नक्की करून घ्या. एकच प्रोग्राम दोन वेगळ्या जागी इन्स्टॉल करायला सांगा. मग ज्या फोल्डरमध्ये तो लिहिला आणि बांधला, त्याचं नाव बदलायला सांगा. दोन्हीकडे प्रोग्राम चालला तर पास! नंतर काढून टाकायची वेळ आली की बांधणीच्या फोल्डरमधली 'इन्स्टॉल मॅनिफेस्ट' ही फाइल उघडा. कुठली फाइल कुठे ठेवली, याची पूर्ण यादी तिथे मिळते. आपण पसरलेलं आपणच आवरायचं, ही सवयही त्यात लागते.

पालकहो, "एवढं परीक्षेत येतं का?" असं तुम्ही विचाराल. नसेल येत. पण आपल्याकडे भाड्याच्या खोलीत राहणारी, दर दोन-तीन वर्षांनी पत्ता बदलणारी कितीतरी मुलं आहेत. आपलं काम एका जागेला चिकटलेलं नसावं, ते जाऊ तिथे उभं करता यावं, हे त्यांना कळायला हवं. आणि ज्याच्याकडे चावी नाही, त्यालाही आपल्या कोपऱ्यात काहीतरी उभारता येईल अशी सोय ठेवणं, हे चांगलं काम करणाऱ्याचं लक्षण आहे. आपली मुलं उद्या दुसऱ्यांसाठी प्रोग्राम लिहितील. तेव्हा जागा ठरवायचा हक्क त्यांनी समोरच्याला द्यावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.